डिस्लेक्सियाचा संशय ते निदान: कोणते पाऊल आधी, कोणते नंतर

डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे आणि आवाज जुळवून वाचायला-लिहायला शिकण्यात येणारी टिकाऊ अडचण. तिच्या तपासणीसाठी येणाऱ्या पालकांमध्ये दोन टोके नेहमी दिसतात. काही जण पाच वर्षांच्या, मोठ्या शिशुगटातल्या मुलाला घेऊन येतात, कारण तो इंग्रजी ‘बी’ उलटा काढतो. दुसरे पाचवी-सहावीतल्या मुलाला घेऊन येतात आणि परीक्षा महिन्यावर आली असल्याने ‘फक्त सर्टिफिकेट’ मागतात. पहिल्यांनी फार लवकर निष्कर्ष काढलेला असतो. दुसऱ्यांनी मदतीची सर्वांत उपयोगी वर्षे ‘मोठा झाला की येईल आपोआप’ असे म्हणत घालवलेली असतात. दोघांचेही पावलांचा क्रम चुकल्यामुळे नुकसान होते, म्हणून या लेखात क्रमावरच भर दिला आहे. तो पहिली ते तिसरीतल्या, म्हणजे साधारण सहा ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आणि वर्गशिक्षकांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. घरी किंवा वर्गात होते ती चाळणी आणि तज्ज्ञ करतात ते निदान. चाळणीत संशय आला तरी मुलाला ‘डिस्लेक्सिक’ म्हणू नये. पण निदान व्हायचे आहे म्हणून मदत थांबवूही नये.

१. तयारी: एक वही आणि जुन्या वह्यांचा गठ्ठा

दवाखान्यात जाण्याआधी, किंबहुना जायचे की नाही हे ठरवण्याआधी, मुलाच्या नावाची एक वेगळी वही करावी. बाळंतपणातल्या अडचणी, मूल पहिला शब्द आणि पहिले दोन-तीन शब्दांचे वाक्य केव्हा बोलले, कान वारंवार फुटला किंवा दुखला का, शाळा किंवा माध्यम कधी बदलले, वर्षाला किती दिवस शाळा बुडते, घरात कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात, या गोष्टी तिच्या पहिल्या पानांवर लिहाव्यात. कुटुंबात कोणाला वाचनाची अडचण होती का, हेही विचारावे. डिस्लेक्सियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ‘काका हुशार होता, पण शाळेत रमलाच नाही’ अशा वाक्यामागे पुष्कळदा हीच गोष्ट दडलेली असते.

त्यानंतर गेल्या वर्षभराच्या वह्या गोळा कराव्यात. इथे होणारी चूक अशी की पालक फेअर वही आणतात आणि खाडाखोडीची कच्ची वही घरी ठेवतात, कारण ती दाखवायला संकोच वाटतो. तपासणाऱ्याला नेमकी ती कच्ची वहीच हवी असते. शिवाय फळ्यावरून उतरवलेले, श्रुतलेखनात ऐकून लिहिलेले आणि स्वतःच्या मनाने लिहिलेले, असे तिन्ही नमुने वेगळे ओळखू येतील अशा खुणा करून ठेवाव्यात. फळ्यावरून नेटके उतरवणारे मूल श्रुतलेखनात पार कोलमडत असेल, तर केवळ आळशीपणाने ते होत नाही.

> तपासा: तिन्ही प्रकारच्या लेखनाची किमान तीन-तीन पाने, त्यांवर तारखा आणि कोणाचीही दुरुस्ती नसलेली. एवढे हाताशी असेल तरच पुढे जावे.

२. काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही

आधी काय मोजू नये ते पाहू, कारण बहुतेक घबराट तिथूनच सुरू होते.

उलटी अक्षरे सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुले काढतात. एवढ्यावरून काहीही ठरत नाही. ‘पंचवीस’ ऐकून मूल ५२ लिहिते, याचे कारण तर मराठीतच आहे: आपण एकक आधी आणि दशक नंतर उच्चारतो, आणि लिहिताना मात्र उलटे. ‘एकोणतीस’ला नऊचा उच्चारही नाही आणि वीसचाही नाही, तिथे पहिली-दुसरीतले मूल अडखळले तर नवल नाही. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोठ्यांच्याही होतात, त्यामुळे ‘पाणि’ लिहिले म्हणून कोणी डिस्लेक्सिक ठरत नाही. घरी ‘पानी’, ‘लोनी’, ‘व्हतं’ बोलणारे मूल तसेच लिहीत असेल, तर ते जसे ऐकते तसे अचूक लिहीत आहे. ती बोलीची छाप आहे. वाईट अक्षर आणि डावखुरेपणा यांनाही या यादीत जागा नाही.

आता काय मोजायचे ते वयानुसार.

*सहा वर्षांच्या आत* वाचनच सुरू झालेले नसते, त्यामुळे बोलणे आणि आवाजांचे खेळ पाहावेत. बोलायला उशीर होणे, रोजच्या वस्तूंची नावे ऐनवेळी न आठवणे, यमक न कळणे, शब्दातले आवाज मागेपुढे होणे आणि बडबडगीत अनेकदा ऐकूनही न बसणे, अशा खुणा एकत्र दिसल्या तर लक्ष ठेवावे. या वयात निदान करू नये.

*पहिली-दुसरीत* पाहायचे ते अक्षर आणि आवाज यांची जोडी बसते आहे का. देवनागरीत सारखी दिसणारी अक्षरे आहेत (घ-ध, भ-म, थ-य, प-ष) आणि त्यांचा गोंधळ सुरुवातीला सगळ्यांचाच होतो. पण बरोबरीच्या मुलांचा गोंधळ दिवाळीपर्यंत ओसरला आणि एकाचा पुढच्या दिवाळीलाही तसाच आहे, तर तो नोंदवावा. मात्रा गळणे किंवा भलत्या अक्षराला लागणे, ‘किती’चे ‘कती’ आणि ‘चिंच’चे ‘चिच’ होणे, आणि विशेषतः जोडाक्षरांत आवाज नाहीसा होणे, म्हणजे ‘गर्दी’चे ‘गदी’, ‘ट्रक’चे ‘टक’, ‘प्रकाश’चे ‘पकाश’, या खुणा महत्त्वाच्या आहेत. ‘र’ मराठीत इतक्या वेगवेगळ्या रूपांत जोडला जातो की अडचण असलेले मूल तिथे हमखास सापडते.

*तिसरीपासून* अचूकतेपेक्षा वेग अधिक बोलतो. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीच्या तुलनेत सरळ असते, त्यामुळे डिस्लेक्सिया असलेले मराठी माध्यमातले मूल तिसरीपर्यंत बहुतेक शब्द ‘बरोबर’ वाचायला शिकू शकते. फक्त प्रत्येक शब्द अक्षर-अक्षर जुळवत, दमून वाचते आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेले असते. ‘वाचता येते, पण हळू’ असा शेरा मारून शिक्षक पुढे जातात आणि दोन वर्षे हातची जातात.

> सावधान: एका खुणेवरून काहीही ठरवू नये. अनेक खुणा, एकाच वेळी, सहा महिने किंवा अधिक काळ आणि घरी तसेच शाळेत, अशा चारही अटी पुऱ्या होत आहेत का, ते पाहावे.

३. घरची वीस मिनिटांची चाळणी

ही चाळणी सुटीच्या दिवशी सकाळी, मूल ताजेतवाने असताना करावी. शाळेतून दमून आल्यावर किंवा रागावल्यानंतर करू नये. क्रम पुढे दिल्याप्रमाणे ठेवावा, कारण सर्वांत अवघड काम आधी दिले तर उरलेल्या कामांत मूल हात आखडते.

पहिल्यांदा फक्त तोंडी खेळ. ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरेल? ‘पाणी’तल्या ‘पा’च्या जागी ‘रा’ ठेवला तर? ‘काका’ आणि ‘काकी’ यांत शेवटी काय बदलले? गावांच्या भेंड्या खेळताना शेवटचे अक्षर पकडता येते का?

मग त्याला एक छोटी, अनोळखी गोष्ट वाचून दाखवावी आणि तिच्यावर चार-पाच प्रश्न विचारावेत. त्यानंतर तेवढ्याच अवघडपणाची दुसरी गोष्ट त्याला मोठ्याने वाचायला सांगून तिच्यावरही तसेच प्रश्न विचारावेत. या दोहोंतली तुलना हा या चाळणीचा गाभा आहे. ऐकून सगळे समजते आणि वाचून काहीच हाती लागत नाही, असे असेल तर संशय डिस्लेक्सियाकडे जातो. ऐकूनही समजत नसेल तर भाषेचा विकास, श्रवण किंवा एकूण बौद्धिक विकास यांकडे आधी पाहावे लागते.

वाचायचा मजकूर पाठ्यपुस्तकातला नसावा. दुसरीतली एक मुलगी मला ‘छान वाचते’ असे सांगून दाखवायला आणली होती. पुस्तक उघडल्याबरोबर तिने धडा सलग, हावभावांसह म्हणून दाखवला. मी मधल्या एका ओळीवर बोट ठेवून तेवढाच शब्द विचारला, तेव्हा ती धड्याच्या सुरुवातीपासून मनातल्या मनात म्हणत त्या शब्दापर्यंत आली. वर्षभर कोणाला शंका आली नव्हती, कारण तिची स्मरणशक्ती उत्तम होती.

यानंतर काही निरर्थक शब्द वाचायला द्यावेत: टामूक, रिगळा, नेथडी, शुबोल. हे शब्द पाठ असणे शक्य नसते आणि अंदाजानेही सांगता येत नाहीत, त्यामुळे अक्षरावरून आवाज काढता येतो की नाही ते उघड होते. शेवटी सात-आठ शब्दांचे श्रुतलेखन घ्यावे. त्यात दोन जोडाक्षरे, एक रफार आणि एक अनुस्वार असू द्यावा.

वेग मोजायचा असेल तर केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेची (२०२१) उद्दिष्टे ढोबळ आधार म्हणून वापरता येतात: अनोळखी मजकुराचे दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द अचूक वाचन. मात्र मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘शाळेतल्यांनासुद्धा’ हा मोजणीत एकच शब्द ठरतो, म्हणून या आकड्याला फार चिकटून राहू नये. त्याच वर्गातल्या तीन-चार मुलांकडून तोच उतारा वाचून घेतला तर अधिक विश्वासार्ह तुलना होते.

शिक्षकांसाठी तयार साधनही आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेले ‘डाली’ हे साधन मराठीतही आहे आणि त्यात पहिली-दुसरीसाठी व तिसरी ते पाचवीसाठी वेगवेगळ्या चाळण्या आहेत.

४. आधी डोळे, कान आणि प्रकृती

हा टप्पा सर्वाधिक वगळला जातो. मानसशास्त्रीय चाचण्या झाल्यावर मुलाला चष्मा लागल्याचे कळले, तर त्या चाचण्या वाया गेल्या असे समजावे.

डोळे नेत्रतज्ज्ञाकडून तपासावेत. शाळेतल्या शिबिरातला तक्ता पुरेसा नाही. श्रवणासाठी ऑडिओमेट्री करावी. सतत सर्दी असणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साठून ऐकू येणे कमी-जास्त होत राहते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत अक्षरांचे आवाज शिकवले जात असतात. घरी हाक मारल्यावर मूल ‘ओ’ देते, एवढ्यावरून श्रवण ठीक आहे असे मानता येत नाही.

बालरोगतज्ज्ञांना तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात: मूल रात्री घोरते का, खेळता-बोलता काही सेकंद शून्यात पाहून थांबते का (हा फेफऱ्याचा एक सौम्य दिसणारा प्रकार असू शकतो), आणि एका जागी बसणे किंवा लक्ष टिकवणे सर्वच कामांत अवघड जाते का. लक्ष न टिकण्याचा विकार डिस्लेक्सियाच्या जोडीने पुष्कळदा आढळतो; एक सापडला म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवू नये.

याच टप्प्यावर शिकवणे पुरेसे मिळाले का, तेही प्रामाणिकपणे तपासावे. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल, घरी कोरकू, पावरा किंवा कन्नड बोलून पहिलीत प्रथमच मराठी ऐकणारे मूल, घरी इंग्रजीचा गंध नसताना इंग्रजी माध्यमात घातलेले मूल, यांचे मागे पडणे हा त्यांच्यातला दोष नाही. निदानाच्या निकषांनुसारही शिक्षणाचा अभाव किंवा माध्यमभाषेची अनोळख हे कारण असेल तर डिस्लेक्सिया म्हणता येत नाही. अर्थात अशा मुलालाही डिस्लेक्सिया असू शकतो. ते कळण्याचा मार्ग पुढच्या टप्प्यात आहे.

> सावधान: बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि अध्ययनशैली सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचणीला शास्त्रीय आधार नाही. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया बरा होत नाही. केवळ वाचनाच्या अडचणीसाठी मेंदूचा एमआरआय किंवा ईईजी करण्याची गरज नसते. डॉक्टरांना दुसरी शंका असेल तर गोष्ट वेगळी.

५. सहा महिन्यांचे नेमके शिकवणे, नोंदींसह

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या निदान-निकषांत (डीएसएम-५) असे स्पष्ट म्हटले आहे की अडचणीवर लक्ष्य ठेवून मदत दिल्यावरही ती किमान सहा महिने टिकली पाहिजे. आपल्याकडे ‘मदत’ म्हणजे शिकवणी लावणे असे समजले जाते, आणि शिकवणीत शाळेतलेच पुन्हा, अधिक मोठ्या आवाजात शिकवले जाते. चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावणे ही तर शिक्षाच. पाचव्या वेळेपासून मूल रेषा उतरवत असते, आवाज ऐकत नसते.

रोज वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस पुरतात. बाराखडी तालात म्हणून घेण्याऐवजी चार-पाच अक्षरे घ्यावीत, उदाहरणार्थ म, क, ल, र, आणि त्यांचे शब्द लगेच जुळवायला लावावेत: कमल, मलम, रकम. मग एकच मात्रा आणावी: काम, माल, कारला, मामा. आवाज तोंडाने म्हणत, बोटाने पाटीवर किंवा रव्यात गिरवत, मग वाचत आणि शेवटी ऐकून लिहीत, असा क्रम ठेवावा. सारखी दिसणारी अक्षरे एकाच आठवड्यात शिकवू नयेत. ‘भ’ पक्का होईपर्यंत ‘म’शी त्याची गाठ घालून देऊ नये. आधीचे गळत नाही याची खात्री झाल्यावरच पुढची मात्रा घ्यावी, आणि जोडाक्षरे सर्वांत शेवटी.

दर पंधरा दिवसांनी त्याच पातळीचा नवा उतारा एक मिनिट वाचून घ्यावा आणि बरोबर वाचलेले शब्द व चुकांचे प्रकार तारखेसह वहीत लिहावेत. सहा महिन्यांत अशा बारा-तेरा नोंदी होतात. आलेख झपाट्याने चढला तर मुलाला कमी पडले होते ते शिकवणे. नियमित शिकवूनही तो जेमतेम हलला, तर औपचारिक तपासणीला आता पक्का आधार मिळाला.

या काळात गोष्टी वाचून दाखवणे थांबवू नये. वाचता येत नाही म्हणून शब्दसंग्रहही खुंटला, तर पुढे एका अडचणीच्या दोन होतात.

६. औपचारिक तपासणी

मुंबईत शीव, केईएम, नायर यांसारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ही तपासणी होते. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल रुग्णालयात केसपेपर काढून, तेथील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विचारावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे शाळेत येणारे पथकही तेथे पाठवू शकते. खासगी मानसतज्ज्ञाकडे जायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते आधी पाहावे.

तपासणी एका माणसाचे किंवा एका बैठकीचे काम नसते. बालरोगतज्ज्ञ इतिहास आणि शारीरिक तपासणी करतात, मानसतज्ज्ञ बुद्धिमापन करतात, आणि त्यानंतर वाचन, लेखन, शुद्धलेखन, आकलन व गणित यांच्या चाचण्या होतात. आपल्याकडे त्यासाठी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा चाचणीसंच रूढ आहे. त्याची पहिली पातळी ५ ते ७ आणि दुसरी ८ ते १२ वर्षांसाठी आहे.

बुद्धिमापनाच्या नावाने पालक बिचकतात, ‘गतिमंद ठरवतील’ या भीतीने. वाचनातली अडचण एकूण बौद्धिक क्षमतेमुळे नाही, हे दाखवण्यासाठीच ही चाचणी लागते. दिव्यांग प्रमाणपत्राविषयी केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत बुद्ध्यंक ८५ च्या वर असल्यासच पुढची चाचणी घ्यावी असे म्हटले होते. ७० ते ८५ मध्ये येणारी मुले त्या निकषामुळे प्रमाणपत्राबाहेर राहिली, आणि मला ही या व्यवस्थेतली सर्वांत खुपणारी फट वाटते, कारण त्यांचीही वाचनाची अडचण तितकीच खरी असते. त्यांच्यासाठी पाचव्या टप्प्यातले शिकवणे चालूच ठेवावे.

चाचणीची भाषा हा वादाचा मुद्दा नेहमी होतो. माध्यम इंग्रजी आणि घर मराठी असेल तर दोन्ही भाषांत वाचन तपासण्याचा आग्रह धरावा. फक्त इंग्रजीत अडचण आणि मराठीत वेगही उत्तम, असे चित्र असेल तर आधी इंग्रजीच्या शिकवण्याकडे पाहावे. मात्र त्या मुलाला मराठी वाचायला कोणी शिकवलेलेच नसेल, तर मराठीतल्या अपयशाला अर्थ नाही.

चाचणीच्या दिवशी पोटभर नाश्ता आणि चष्मा विसरू नये. मूल आजारी असेल तर तारीख बदलून घ्यावी. आदल्या रात्री सराव करून घेऊ नये. ‘तुला वाचताना कुठे त्रास होतो ते बघायचंय, इथे नापास कोणी होत नाही’ एवढे मुलाला सांगितले तरी पुरते.

७. अहवाल वाचणे, मग प्रमाणपत्र

‘डिस्लेक्सिया आढळला’ एवढ्या एका ओळीचा अहवाल स्वीकारू नये. कोणत्या चाचण्या, कोणत्या भाषेत घेतल्या, कोणत्या उपकौशल्यात मूल वर्गाच्या किती मागे आहे, सोबत लेखनाची, गणिताची किंवा लक्ष टिकवण्याची अडचण आहे का, काय काय वगळले आणि शाळेने उद्यापासून काय करावे, एवढे त्यात असायला हवे. नसेल तर लिहून मागावे. एकूण बुद्ध्यंकाच्या आकड्यावर अडून बसू नये. उपचाचण्यांतील चढउतार शिक्षकाच्या अधिक कामाचे असतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) समावेश आहे आणि ती लवकरात लवकर ओळखून उपाय योजण्याची जबाबदारी कलम १६ ने शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. ‘आमच्या शाळेत अशी मुले नाहीत’ हे उत्तर मिळाल्यास या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

खासगी अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्र अधिकृत रुग्णालयातूनच मिळते आणि त्यासाठी दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर (यूडीआयडी पोर्टल) नोंदणी करावी लागते. २०१८ च्या सूचनांनुसार ते आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते आणि १४ व्या व १८ व्या वर्षी तपासणी पुन्हा करावी लागते. नियमांत सुधारणा होत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी रुग्णालयातून चालू निकष विचारून घ्यावेत. वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या परीक्षेतल्या सवलती या कागदावर अवलंबून असतात. वर्गात मोठ्याने वाचायला न लावणे, तोंडी उत्तर घेणे, श्रुतलेखनाचे गुण वेगळे धरणे यांसाठी मात्र कोणताही कागद लागत नाही.

साडेसहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अहवाल ‘जोखीम आहे, निदान नंतर’ असा येऊ शकतो. ते अपुरे उत्तर समजून दुसऱ्या दवाखान्यात धावू नये. पुनर्तपासणीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी, पंधरवड्याच्या नोंदी तशाच चालू ठेवाव्यात आणि त्या दिवशी वही, कच्च्या वह्यांचा नवा गठ्ठा व जुना अहवाल सोबत न्यावा.